एका कान्याची भाऊबंदी

बमरोली, सुरत
१२ जानेवारी १९९७

वहिनी,

पाया पडलो असं समजा, इथून हात पोचत नाही. दादांनाही नमस्कार सांगा, पण हे पत्र त्यांच्या हातात देऊ नका. आधी तुम्ही वाचा, मग काय ते ठरवा.

मी लूम सोडला. घाबरू नका. कोणी काढलं नाही, भांडण झालं नाही, हातपाय जागेवर आहेत. दिवाळीनंतरच सोडला, सांगायला धीर होत नव्हता. वहिनी, तुम्हाला माहीत आहे, मला बोलल्याशिवाय घास उतरत नाही. कापडाच्या लूमखात्यात इतकी खटखट की शेजारचा काय म्हणतो ते त्याच्या ओठांवरून ओळखायचं. मी एकदा माझ्या खोलीतल्या, शेजारच्या लूमवरच्या प्रफुल्लला भरभरून बोललो, तर तो नुसती मान हलवत राहिला. मागून कळलं, त्याला वाटलं मी शिव्या देतोय.

आता उधन्याला चेतनभाईंच्या दुकानात आहे. ते कंकोत्री छापतात, म्हणजे आपली लग्नपत्रिका. आधी मी पत्रिकांना घड्या घालायचो. मग त्यांचा कॉम्प्युटरवाला सासुरवाडीला गेला तो तिकडचाच झाला. दुकानात मराठी वाचणारा मी एकटा. आपल्या खांदेशी लोकांची लग्नं इथं दर आठवड्याला असतात आणि त्यांना पत्रिका मराठीतच पाहिजे. चेतनभाई म्हणाले, "लोटू, तू बेस." बसलो.

आता ऐका मी काय करतो. अक्षरं बनवतो. लिहीत नाही, बनवतो. आपल्याला शाळेत सांगितलं की ग वेगळा, म वेगळा, प वेगळा. तसं काही नाही. सगळ्यांच्या उजव्या हाताला तोच दांडा उभा आहे, काना. प, म, न, त, ब, व, सगळे त्याच्याच आधारानं उभे. मग कॉम्प्युटर म्हणतो, दर वेळी दांडा कशाला काढतोस? एकदाच नीट काढ आणि त्याच्या खणात ठेव. मग प पाहिजे तेव्हा नुसतं पोट काढायचं आणि दांड्याला बोलवायचं. तो येतो. म्हणजे त्याची सावली येते, खरा दांडा आपल्या खणातच. वरची रेघ तशीच, मात्रा तशीच, वेलांटी तशीच. अशी जुळवत जुळवत अख्खी बाराखडी उभी राहते.

आणि गंमत अशी की खणातला दांडा जाड केला की सगळ्या अक्षरांतले दांडे एका झटक्यात जाड होतात. एकालाही हात लावावा लागत नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी खुर्चीवरून उठलोच.

दादांना कसं सांगायचं ते कळवा.

तुमचा
लोटू


मु. पो. पिंपळे, ता. अमळनेर
२७ जानेवारी १९९७

लोटूभावजी,

पत्र पोचलं. तुमचे दादा घरात नव्हते, चूल पेटलेली होती, तरी पत्र चुलीत घातलं नाही हे उपकार समजा.

अक्षरांचं मला थोडं कळलं. माझ्याकडे बाहीचा कागदी कट आहे. त्या एका कटावर गावातल्या निम्म्या बायांच्या ब्लाउजच्या बाह्या शिवते मी. पण भावजी, मी इथं कागद कापला म्हणून बाजारात उभ्या असलेल्या शांताबाईची अंगातली बाही आखूड होत नाही. तुमच्या दुकानात तसं होतं म्हणता. हे काही बरं लक्षण नाही. अशा शिंप्याकडे कोण जाईल?

आता कामाचं. दोंडाईच्याचे निंबा आप्पा माझ्या आईचे चुलतभाऊ, म्हणजे मला मामाच. त्यांची निशा दहावी पास आहे. आप्पांचं किराणा दुकान आहे, पण चालवते ती. आप्पा ओट्यावर बसून सरकार चालवतात. मी तुमचा विषय काढला. (तुम्हाला सहावीच्या पुढं मास्तरांनी ढकललं नाही आणि तुम्हीही गेला नाहीत, तेही सांगितलं. निशा हसली.) आप्पांनी विचारलं, मुलगा काय करतो? मी म्हटलं, सुरतेला मशीनवर आहे.

कॉम्प्युटर मशीनच ना? हो म्हणा.

फोटो पाठवते. चेहरा रागीट दिसतो, पण तसं नाही, डोळ्यावर ऊन आहे.

तुमच्या दादांना मी काही बोलले नाही. त्यांना वेळ बघून सांगावं लागतं, म्हशीला औषध पाजतात तसं.

शोभाबाई


बमरोली
९ फेब्रुवारी १९९७

वहिनी,

हो म्हणतो, मशीनच आहे. पण आमच्या सुरतेत खांदेशी माणूस "मशीनवर आहे" म्हटलं की लोकांना दुसरी मशीन दिसतच नाही. तुम्हाला हे माहीत नव्हतं असं म्हणू नका, तुमचा अर्धा गाव इथं बॉबिन बदलतोय. कुठली मशीन ते आप्पांना सरळ सांगून टाका.

फोटो मिळाला. प्रफुल्लनं आधी बघितला आणि म्हणाला, "या मुलीचं फोटोवाल्याशी भांडण झालेलं दिसतंय." मी उशाखाली ठेवलाय. बदनामी नको म्हणून प्रफुल्लला सांगितलं की मावशीची मुलगी आहे. आता तो म्हणतो, मावशीच्या मुलीसाठी मला विचार. म्हणजे खोटं सांगून तुमच्यासारखीच माझीही अडचण झाली बघा.

अक्षरांचं काम जोरात आहे. अनुस्वाराचा ठिपका काही केल्या गोल येईना. माऊस हातात धरला की हात बैलगाडीत बसल्यासारखा हलतो. तुमच्या पत्राच्या घडीत एक टिकली चिकटून आली होती. तीच पांढऱ्या कागदावर लावली आणि स्कॅनरखाली धरून तिचा छाप कॉम्प्युटरात घेतला. एकदम गोल! आता गंगा, पंडित, कुंकू, मंडप, सगळ्यांच्या डोक्यावर तोच ठिपका. सुरतेतल्या सगळ्या मराठी नवरानवरींच्या पत्रिकेवर वहिनींची टिकली. दादांना हेही सांगू नका.

जुळवताना एक अडचण येते. सावली आली की ती आपली जागा विचारत नाही. क वर मात्रा नीट बसते, तीच मात्रा दुसऱ्या कोणावर ठेवली की शेजाऱ्याच्या डोक्यात घुसते. मग प्रत्येकाची जागा हातानं सरकवायची. चेतनभाई म्हणतात, "आटलुं झीणुं कोण जोवानुं?" म्हणजे इतकं बारीक कोण बघणार आहे. मी म्हटलं, आमच्याकडे पत्रिका वाचत नाहीत, तपासतात. कोणाचं नाव वर गेलं, कोणाचं खाली राहिलं, त्यावरून लोक जेवायला यायचं की नाही ते ठरवतात.

ती हसली म्हणालात. कशाला हसली, मला की सहावीला? कळवा.

लोटू


पिंपळे
२६ फेब्रुवारी १९९७

लोटूभावजी,

हे पत्र उभ्यानं वाचू नका.

मी मशीन म्हटलं होतं. माझ्या आईनं ते लूम करून टाकलं. माझ्या मावशीनं एका लूमचे दोन केले. आप्पांपर्यंत गेलं तोवर तुमचे स्वतःचे दोन लूम झाले होते आणि तुम्ही माणसं ठेवायचा विचार करत होतात. मी म्हटलं, स्वतःचे नाहीत, मालकाचे आहेत. आप्पा म्हणाले, "मुलगा प्रामाणिक दिसतो." आता या शब्दानंतर मी काय बोलणार? लूम नाहीतच, असं सांगायला तोंड उघडलं आणि चहा आला.

तर आप्पांच्या मोठ्या मुलाचं लग्न ठरलंय. बस्ता बांधायला ते सगळे सुरतेला येणार, होळीच्या आधी. साड्या घेऊन झाल्या की संध्याकाळी बमरोलीला येऊन तुम्हाला लूमवर बघणार. पत्ता मागितला, मी दिला.

भावजी, एक दिवस प्रफुल्लच्या लूमवर उभे राहा. एकच संध्याकाळ. तुम्हाला येतं ते काम, त्यात खोटं काय आहे? माझं माहेर आहे ते. तिथं मी एकदा खोटी पडले की आयुष्यभर माझ्या प्रत्येक वाक्याला मावश्या पदर तोंडाला लावून हसतील.

ती कशाला हसली ते विचारलं मी. म्हणाली, "सहावीला नाही. तुम्ही ज्या रंगात सांगितलं त्याला." आणि मग विचारलं, "त्यांना एका जागी करमतं का?" मी म्हटलं, हो. हे तिसरं खोटं.

शोभाबाई


उधना
१४ मार्च १९९७

वहिनी,

तुम्हीही हे बसूनच वाचा.

सगळं तुम्ही म्हणालात तसं ठरवलं होतं. प्रफुल्लनं मुकादमाला पटवलं, मी पिशवीत जुनी बनियन घेतली, चेतनभाईंना सांगितलं की दुपारनंतर सुट्टी. ते म्हणाले, एका डॉक्टरची कंकोत्री आहे, तेवढी करून जा, त्यांना अक्षर बारीक पाहिजे, नाजूक. खरं तर अशा वेळी सगळ्या अक्षरांची वेगळी प्रत काढायची आणि तिच्यात काय ते करायचं. पण माझं चित्त बनियनीत. मी सरळ खणातल्या मूळ दांड्याची डावी बाजू तासली. झाला बारीक. डॉक्टरांचं मराठी म्हणजे वरच्या दोन ओळी, खाली सगळं इंग्रजी. निरखून बघायला थांबलो नाही, भागलं.

उठणार तेवढ्यात बाहेर ओळखीची बोली. पांढरी टोपी, धोतर, मागं साड्यांचे गठ्ठे घेतलेल्या दोन बाया. बस्ता सकाळीच आटोपला होता आणि रिक्षावाल्यानं "पत्रिका छापायची तर हे दुकान" म्हणून आमच्याच दारात आणून सोडलं! चेतनभाई मजकुराचा कागद घेऊन आत आले. मी आतल्या बाजूला, मध्ये प्लायवूडची भिंत. कागदावर वर लिहिलेलं, निंबा आप्पा, दोंडाईचा. खाली भाऊबंदांची नावं सुरू झाली ती कागदाच्या मागच्या बाजूला गेली. आणि शेवटी, करवली: कु. निशा.

वहिनी, तिचं नाव मी माझ्या हातानं टाईप केलं. नि ची वेलांटी जागेवर आहे का ते बघितलं, बाकी काहीच बघितलं नाही. नमुना छापला, चेतनभाईंच्या हातात दिला आणि मागच्या दारानं निघायला चपला शोधू लागलो.

बाहेर आप्पांचा आवाज चढला. "हाई काय शे भो? कुलस्वामिनीनं नाव मोडेल शे?"

चेतनभाई, "काका, बेसो ने, पाणी पीओ."

"पाणी काय पिऊ! प नं पोट इकडे, पाठ तिकडे! मना पोऱ्यानं लगीन शे, वाटणी नही!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी दांडा डावीकडून तासला होता. सगळ्या अक्षरांची पोटं जिथं होती तिथंच, पण दांडा मागं सरकलेला. प, म, न, ब, त, एकजात सगळे कमरेतून तुटलेले. एकट्या आप्पांचेच नाही, त्यांच्या सगळ्या सोयऱ्यांचे.

"लोटू!" चेतनभाई ओरडले. "आ शुं कर्युं? काका गरम थई गया! हमणां हारू करी आप!" म्हणजे आत्ताच नीट करून दे.

मागचं दार उघडं होतं, वहिनी. एक चप्पल पायातही होती. पण मी गेलो असतो तर ते काम दुसऱ्या कोणाला आलं नसतं, आणि तशी पत्रिका तुमच्या माहेरी फिरली असती. मी परत बसलो. आप्पा तरातरा आत आले आणि माझ्या मागं स्टुलावर बसले. तंबाखूचा वास, खांद्यावर श्वास. मी पत्रिका बंद केली, खणातून दांडा काढला, तासलेली बाजू परत भरली, अक्षरं पुन्हा बांधली, पत्रिका उघडली. सगळं पान जागच्या जागी उभं.

आप्पांनी चष्मा पुढं घेतला. वरून खालपर्यंत एकेका भाऊबंदाला बघत गेले. मग म्हणाले, "मनी उमर गई, मना भाऊबंद सरळ व्हयनात नहीत. तू तं एक बोट दाबीसनी समदास्ले सरळ करी टाकं!"

इतके हसले की बाहेरच्या बायाही हसल्या, काय झालं ते माहीत नसताना. मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "कोना पोऱ्या शे तू? नाव काय तुनं?"

खोटं नाव सांगता आलं असतं. पण आदल्या आठवड्यापासून मी लूमवरच्या खोट्याची तयारी करत होतो, नावाच्या खोट्याची केलीच नव्हती. म्हटलं, "लोटू. पिंपळ्याच्या काशिनाथदादांचा भाऊ."

हसणं थांबलं. "तो तं लूमवर शे."

"होतो."

"शोभी तं सांगे..."

"वहिनीला मीच तसं सांगितलं होतं," मी म्हटलं. "तिला खरं माहीत नाही."

आप्पांनी चष्मा घडी करून खिशात ठेवला. उठले. म्हणाले, "पत्रिका छाप. सोयरीकनं मंग देखसूत." आणि गेले. बमरोलीला काही गेले नाहीत. प्रफुल्ल बिचारा संध्याकाळभर माझ्यासाठी जागा पुसून ठेवून उभा.

तर वहिनी, आता तुम्ही तसंच सांगायचं. तुम्हाला काही ठाऊक नव्हतं, मी फसवलं. माहेर तुमचं आहे, मला तिथं रोज जायचं नाही.

जायचं होतं, ती गोष्ट वेगळी.

लोटू


पिंपळे
२८ मार्च १९९७

लोटूभावजी,

तुमचं मोठेपण तुमच्याकडे ठेवा.

पत्र आलं त्या दिवशी मी तुमच्या दादांना सगळं सांगितलं. वेळ बघितली नाही. त्यांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली. मग म्हणाले, "बसून काम आहे का?" मी म्हटलं हो. म्हणाले, "मग जेवण वेळेवर होत असेल." आणि बाजार समितीत निघून गेले. मी इतके दिवस ज्याला भ्याले ते हे.

होळीला दोंडाईच्याला गेले. आप्पा ओट्यावर, सगळ्या मावश्या हजर, निशा तराजूपाशी. सगळ्यांच्या देखत म्हटलं, "आप्पा, लूमचं मी सांगितलं. मुलानं मला पहिल्या पत्रात खरं कळवलं होतं. तुमच्यापुढं तो बोलला ते मला झाकायला."

आप्पा म्हणाले, "म्हणजे तू खोटी, आणि तुला झाकायला तोही खोटा." मी म्हटलं, "हो." म्हणाले, "घराणं एकसारखं आहे तर." मावश्या हसल्या. हसू दिलं. मरत नाही माणूस त्यानं, उगीच घाबरत होते.

पण सोयरीक तिथंच अडकली आहे, आणि खोट्यावर नाही. आप्पा सगळ्यांना पत्रिका दाखवतात, भाऊबंद सरळ केल्याची गोष्ट सांगतात, तुमची नक्कल करतात, एक बोट वर करून. आणि मग म्हणतात, "बाराखडी सरी गई का मंग हाऊ पोऱ्या काय करी?" लुगडं रोज लागतं, लूम रोज चालतो. अक्षरं किती? एकदा बनवून झाली की झाली. मग चेतनभाई तुम्हाला कशाला ठेवतील?

निशानं तराजू खाली ठेवला आणि म्हणाली, "खरंच, मग काय करतील?" टोमणा नव्हता. तिला हवं होतं उत्तर.

तेव्हा भावजी, या एका प्रश्नावर सगळं आहे. नीट विचार करून लिहा. या वेळी मी त्यात एक शब्द घालणार नाही, तुमचंच पत्र वाचायला देणार आहे. शाई जपून वापरा.

शोभाबाई


बमरोली
६ एप्रिल १९९७

वहिनी,

हे पत्र तुम्ही दोंडाईच्याला वाचायला देणार म्हणून चांगल्या अक्षरात लिहायचा प्रयत्न करतोय. हातानं लिहायला बसलो की माझा एक दांडा दुसऱ्यासारखा येत नाही, माफ करा.

आप्पांचा प्रश्न मी चेतनभाईंना विचारला. ते म्हणाले, "बाराखडी पूरी थाय, लग्न क्यां पूरां थाय छे?" म्हणजे लग्नं कुठं संपतात. बोलायला चांगलं आहे, पण ते मालक आहेत, त्यांचं दुकान आहे. माझं उत्तर ते नाही.

माझ्यापुढं जेवढं काम दिसतं तेवढं सांगतो. ही अक्षरं झाली. आता हीच जाड करायची आहेत, मग तिरपी. मग गुजराती अक्षरं जुनी झाली आहेत, ती नव्यानं. आता मला येतं, त्यामुळं पहिल्याइतका वेळ लागणार नाही, म्हणजे काम लवकर संपेल. हेही लिहितो, कारण ते खरं आहे. उद्या कोणीतरी याहून चांगली अक्षरं बनवून स्वस्तात विकेल, तेव्हा चेतनभाई माझं काय करतील? मला माहीत नाही.

लूम येतो. पोटाला लागलं तर परत उभा राहीन. आवडीनं नाही, पण राहीन.

आणखी एक. वहिनींनी निशाला सांगितलं होतं की मला एका जागी करमतं. ते खरं नव्हतं. मी शाळेतून पळालो, अमळनेरच्या हॉटेलातून पळालो, ट्रकवर होतो तिथून पळालो, लूमवरून पळालो. घरात कोणी मला "कुठं चाललास" विचारत नाही, "कधी आलास" विचारतात. ही पहिली खुर्ची आहे जिच्यावरून मी अजून उठलेलो नाही. मागचं दार उघडं असताना उठलो नाही. का ते नीट सांगता येत नाही. दांडा सरळ केला की सगळं पान सरळ होतं ते बघायला मला रोज आवडतं, एवढंच.

पुढचं माहीत नाही असं म्हणणाऱ्याला मुलगी द्यावी की नाही ते आप्पांनी ठरवावं. निशाला विचारून ठरवलं तर बरं.

लोटू


दोंडाईचा
२४ एप्रिल १९९७

लोटूभावजी,

दुकानातच बसून लिहिते. तुमचं पत्र निशानं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. गिऱ्हाईक थांबून ऐकत होतं, कोणी साखर मागितली नाही. "मला माहीत नाही" आलं तिथं आप्पा म्हणाले, "पुन्हा वाच." तिनं पुन्हा वाचलं. आप्पा म्हणाले, या ओट्यावर आजवर जे आले ते सगळे पुढच्या पंचवीस वर्षांचं सांगून गेले.

त्यांनी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. म्हणाले, "निशाला विचारा." ती म्हणाली, "मी लिहिते." मी म्हटलं, तू कशी लिहिणार, अजून सुपारी फुटली नाही. म्हणाली, "तुमच्या पत्राच्या खाली लिहिते, मग ते पत्र तुमचंच." दहावी पास आहे, बोलण्यात कोण जिंकणार?

खालची जागा तिला देते. मी तिकडे बघत नाही. खोटं, बघतेय.

शोभाबाई

नमस्कार. शोभाताईंनी जागा थोडीच ठेवली आहे.

आमच्या दादाच्या लग्नाच्या पत्रिका मीच वाटल्या, त्यामुळं पुष्कळ वेळा वाचून झाल्या. सगळी अक्षरं एका घरची वाटतात, लोकही म्हणाले. फक्त "हळदीचा कार्यक्रम" आहे तिथला ळ बघा. शोभाताईंनी दांड्याची गंमत सांगितली आहे; ळ ला दांडा नाही, कोणाचं काही उसनं घेतलेलं नाही, म्हणून तुम्ही तो एकटाच घाईत काढला असणार. डावीकडचा गोळा मोठा, उजवीकडचा लहान, आणि सगळा जरा कललेला. आप्पांच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

मला रिकामं बसवत नाही. तिकडे आले तर मीही काम करीन, हे आधीच सांगून ठेवते.

आप्पांना मी हो सांगितलं आहे. अखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, सुपारी, लग्न ज्येष्ठात. पत्रिका तुमच्याच दुकानात छापायची म्हणतात, आणि हळद आपल्यालाही लिहावी लागेल. तोवर तेवढा ळ सरळ करा.

निशा